रीस्टार्टआधी माग जपा

मा. संपादक,

डेटाबेस सर्व्हर पडला की कुणीतरी तो पुन्हा चालू करतो आणि विषय मिटतो. पुढे तर रोज पहाटेच्या रीस्टार्टची वेळच लावून ठेवतात. दोष जागेवरच राहतो, त्याचा माग मात्र पुसला जातो. २०२७ च्या सिंहस्थात महापालिकेच्या सॉफ्टवेअरला गर्दीच्या दिवशी हे परवडणार नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये आधी सिग्नल, म्हणजे प्रक्रिया कशाने थांबली ते सांगणारा आकडा, पाहावा. ९ असेल तर बहुधा मेमरी संपल्याने लिनक्सनेच प्रक्रिया मारलेली असते. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदींत, तशी ओळ सापडते. ११ असेल तर कोडने मेमरीतल्या भलत्याच पत्त्याला हात घातला आहे. कोसळतानाची मेमरी जपणारी कोअर फाइल उरावी म्हणून सर्व्हर सुरू करण्याआधीच ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ द्यावे.

११ आला की आपणच सी भाषेत लिहून जोडलेली फंक्शने आधी तपासावीत. ‘नाशिक’ दिसायला तीन अक्षरे, पण यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात १५ बाइट. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटची जागा न धरता पीअलॉक या पोस्टग्रेसच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे १५ मागितले तरी तुकडा १६ चा मिळतो, म्हणून चूक झाकली जाते. टपालाच्या पत्त्यात ‘नाशिक’पुढे स्वल्पविराम आला की मजकूरच १६ चा होतो आणि शून्य बाइट शेजारच्या तुकड्याच्या हेडरवर, म्हणजे त्याच्या माहितीच्या नोंदीवर, पडतो. सर्व्हर कोसळतो तो नंतर, कदाचित दुसऱ्याच क्वेरीत. दोन-चार ठरावीक नावांवर चाचणी उरकणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

मेमरीच्या चुका शोधणारे व्हॅलग्रिंड हे साधनही नुसते इथे अपुरे पडते, कारण पोस्टग्रेस मोठा ब्लॉक एकदाच घेऊन त्याचे तुकडे स्वतः वाटते. ‘यूज_व्हॅलग्रिंड’ मॅक्रो देऊन, ‘इनेबल-डीबग’ आणि ‘इनेबल-कॅसर्ट’ (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या चालू करणारा पर्याय) यांसह पोस्टग्रेस नव्याने कंपाइल करावे लागते. प्रत्येक कनेक्शनची प्रक्रिया वेगळी असली, तरी लिनक्सवर व्हॅलग्रिंड तिच्याही मागे जाते. पोस्टग्रेसच्या सोर्ससोबत येणारी सप्रेशन फाइल दिली नाही, तर खोट्या तक्रारींत खरी हरवते. वेग कित्येक पटींनी घटतो. म्हणून हे चाचणीच्या यंत्रावर, निवडक क्वेरींवरच करावे. तेवढा वेळ नसेल तर एकट्या कॅसर्टने कंपाइल केलेल्या बिल्डवर चाचण्या चालवाव्यात. वरची चूक तीही ‘डिटेक्टेड राइट पास्ट चंक एंड’ असा इशारा देऊन पकडते. अशा बिल्डमध्ये मोकळी केलेली मेमरी ७एफ या बाइटने भरली जाते. जीडीबी या डीबगरमध्ये पॉइंटर (मेमरीचा पत्ता) ७एफ७एफ७एफ७एफ असा दिसला, तर सोडून दिलेली जागा कुणीतरी पुन्हा वाचते आहे.

सिंहस्थासाठी सॉफ्टवेअर ताब्यात घेताना महापालिकेने ठेकेदाराकडून या चाचण्यांचे लॉग आणि कॅसर्टची बिल्ड मागून घ्यावी. करारातच तशी अट हवी.

– एक डेटाबेस प्रोग्रामर, सातपूर, नाशिक