परड्यातले पेरू

कोल्हापूर,
कोजागरीनंतरचा गुरुवार

प्रिय शैले,

पाच महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे तीन निरोप आले, एकालाही धड उत्तर दिलं नाही, नुसते जोडलेले हात पाठवत राहिले. रागावली असशील तर राग काढ, पण आधी हे वाच. फोनवर यातलं काही बोलता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी आईच्या खोलीत ऐकू जातं. आणि तिचे कान अजून तेच आहेत, लेकीच्या मैत्रिणीची, तुझी, शिट्टी गल्लीच्या तोंडाशी ओळखणारे.

तब्येती बऱ्या. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांचा गुडघा जिना चढताना दुखतो. झालं.

सोमवारी, कोजागरीला, मी तुझं ते क्रंबल केलं, फळांच्या फोडींवर पीठ-लोणी-साखरेचा चुरा घालून भाजायचं ते. अर्धी सफरचंदं घातली आणि अर्धे पेरू, आपल्या परड्यातले. हो, त्याच झाडाचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, शुक्रवार पेठेत जाऊन घराचं कुलूप उघडतंय का बघून ठेव, एकजण जागा बघायला येणार आहे. मी एकटीच गेले. कुलूप गंजलेलं, खोबरेल तेल सोडल्यावर उघडलं. सोप्यात पुराच्या पाण्याच्या, बाबांच्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत गं. २००५ ची खाली, २०१९ ची तिच्या वर, शेजारी बाबांच्या अक्षरात तारखा. २०२१ ची रेघ मारायला बाबा नव्हते. त्या वर्षीची गाळानंच मारून ठेवली आहे, दोन्हींच्या वर. मी मागचं दार ढकललं. परड्यात कंबरेएवढं गवत, आणि त्यात पेरूचं झाड, पिवळ्या फळांनी लगडलेलं. तीन महापूर अंगावरून गेले त्याच्या. निम्मे पेरू पोपटांनी फोडलेले होते. उरलेल्यांतले चौदा मी ओढणीत बांधून आणले. तू मोडलेली फांदी होती ना, तिच्या खुंटाला आता मनगटाएवढा फुटवा आलाय. ती फांदी मी मोडली असं तू आईला सांगितलंस, हे मी आजही विसरलेले नाही. उलथनं मी खाल्लं होतं.

आता आईचं सांगते. चार वर्षं ती माझ्याकडे आहे आणि चार वर्षांत तिनं माझ्या स्वयंपाकघरात कुठल्या भांड्याला हात लावला नाही. तुला खरं वाटणार नाही, म्हणून पुन्हा लिहिते. आपल्या आईनं. दिवाळीला वीस किलोचं फराळ एकटीनं उतरवणाऱ्या बाईनं. इथं ती खुर्चीवर बसते, ताट आलं की जेवते, ताट उचलायला उठते आणि मी नको म्हटलं की खाली बसते. जावयाच्या घरात राहतोय हे तिच्या मनातून जात नाही. हे किती चांगलं वागतात तिच्याशी, तरी नाही. दादाकडं पुण्याला जायला तयार नाही. तिथून अंबाबाई दिसत नाही म्हणते. इथून तरी कुठं दिसते? पण शुक्रवारी रिक्षानं नेता येतं.

तर सोमवारी दुपारी ती झोपलीय असं समजून मी करायला घेतलं. सफरचंदं लक्ष्मीपुरीतून आणली होती, लालभडक आणि नुसती गोड. तू लिहिलं होतंस की तुमच्या इंग्लंडातली ब्रॅम्ली सफरचंदं इतकी आंबट असतात की शिजली की फेसासारखी फुलून विरघळतात. आपल्याकडची तशी नाहीत. एका अख्ख्या लिंबाचा रस घातला, त्यानं फोडी काळ्याही पडल्या नाहीत. पेरूंच्या बियांचा गर काढून थोड्या पाण्यात शिजवला आणि चाळणीतून घासून घेतला, कारण आईच्या कवळीखाली बी अडकलं तर रात्रभर ठणकतं. तो गाळलेला गर काय दाट होतो शैले, जेलीच्या जवळपास. तोच फोडींवर ओतला, म्हणून एरवी खाली सुटतं तसं पाणी सुटलं नाही.

वरच्या थराला तुझं प्रमाण धरलं, दोनशे ग्रॅम पीठ, शंभर लोणी, शंभर साखर. फक्त साखरेच्या जागी ऐंशी ग्रॅम गूळ किसून घेतला आणि पिठातलं पन्नास ग्रॅम ज्वारीचं घेतलं. नवा गूळ पाडव्याच्या सौद्यानंतर येईल, ही गेल्या साली घेतलेली ढेप होती, कोरडी, चांगली किसली गेली. आमच्या ऑक्टोबरच्या उन्हात लोणी हातात घेतलं की पाझरतं. म्हणून परात, पीठ, लोणी सगळं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो, इथं तेच काम थंडगार लोण्यानं करायचं. बोटांच्या टोकांनी चोळत राहायचं, पिठाच्या कणाला लोणी लागलं की त्यात चिवटपणा येत नाही. मुठीत दाबलं तर मुटका वळावा, सोडलं तर फुटावा. तुझ्या कागदावर हे नव्हतं. हे मला भट्टीवाल्या मामांनी शिकवलं होतं, नानकटाईचं पीठ बघताना.

एकशेऐंशीवर चाळीस मिनिटं. गूळ लवकर करपतो, म्हणून शेवटची दहा मिनिटं ओव्हनसमोरून हलले नाही. कडेनं रस बुडबुडायला लागला, दालचिनी आणि पेरूचा वास अख्ख्या घरात पसरला. आणि मागून आवाज आला, "भट्टीवर गेल्यागत वास सुटलाय."

आई दारात उभी होती.

भट्टी आठवते ना? दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर घेऊन आपल्याला पाठवायची, रांगेत डबे, डब्यावर नावाची चिठ्ठी, रात्री नऊला गरम डबा घेऊन परत. एका वर्षी तू वाटेत अकरा नानकटाया खाल्ल्यास आणि आईनं मोजल्यावर भट्टीवाल्यांना चोर ठरवायला निघाली होती. मी तेव्हाही गप्प बसले होते. माझ्या गप्प बसण्याचा हिशेब मोठा आहे तुझ्याकडं.

मी क्रंबल बाहेर काढलं, दहा-पंधरा मिनिटं निवू दिलं. तुम्ही वर कस्टर्ड घेता. मी कोजागरीचं मसाला दूध आटवायला ठेवलंच होतं, म्हटलं तेच वाढावं. वाटीत क्रंबल घेतलं आणि उकळतं दूध ओतायला पातेलं उचललं. तर आई तरातरा आत आली आणि तिनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "गूळ हाय त्यात. गरम दूध वतू नगंस, फाटंल."

मग स्वतः दूध ताटात ओतून पंख्याखाली निववलं, कोमट झाल्यावर वाट्यांत घातलं, पहिली वाटी ह्यांना नेऊन दिली. कपाटातून चमचे काढले. ते कुठल्या खणात असतात हे तिला ठाऊक होतं, शैले. चार वर्षं खुर्चीवरून बघून ठेवलं होतं तिनं.

पहिला घास घेतला आणि थांबली. मी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणाली, "आपल्या झाडाचा हाय ह्यो." आणि पुढच्या घासाला, "म्हंजे तू जाऊन आलीस. काम किती ऱ्हायलं घराचं?"

हे फक्त तुलाच लिहू शकते. घराचं काम कधी निघालंच नाही. २०२१ च्या जुलैत पंचगंगेची पातळी पन्नास फुटांवर गेली, आईला आम्ही बोटीतून काढलं, ऑगस्टमध्ये ती विचारायला लागली तेव्हा मी म्हटलं, डागडुजी चालू आहे. मनात होतं की महिना-दोन महिन्यांत विसावेल, मग नीट सांगू. मग गवंडी मिळेना झाला. मग गिलावा वाळेना. मग पावसाळा आला. दर वेळी मी एकेक वीट रचत गेले आणि आता चार वर्षांचं खोटं उभं आहे, त्या घरापेक्षा मजबूत. दहावीत जादा तास म्हणून सिनेमाला गेलो होतो तेव्हा आईच्या पहिल्याच प्रश्नाला तू भोकाड पसरलंस, मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नाही. आता वाटतं, तेव्हा तूच सुटलीस.

आणि कपाटात, साड्यांच्या खाली, दादानं पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. घर बाबांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही, म्हणजे आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. दादा म्हणतो, आधी एका नावावर करू म्हणजे विक्री सोपी जाईल, पैसे आले की तिघांत वाटू. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. दादा वाईट नाही, तुला माहीत आहे, तू त्याला एके काळी राखी बांधायला नकार दिला होतास तेव्हापासून माहीत आहे. त्याच्यावर कर्ज आहे आणि ते घर पूररेषेच्या आत, तिथं नवं काही बांधता येणार नाही, हेही खरं. घेणाऱ्याला भाविकांच्या गाड्या लावायला मोकळी जागा हवी आहे. म्हणजे घर पाडणार आणि झाड तोडणार. मला माझा हिस्सा सोडताना हात थरथरणार नाही. पण दादा म्हणतो, "आईची सही तू घे, तुझं ऐकते ती." दुय्यम निबंधकांसमोर तिला नेऊन बसवायचं, अंगठा, फोटो. कशाला आलो म्हणून ती विचारणार. तिथं मी काय सांगू? गिलावा वाळायचाय?

तू ब्रॅम्लीच्या गावाला, साऊथवेलला, जाऊन आलीस तेव्हाचं तुझं पत्र मी सोमवारी रात्री शोधून काढलं. ब्रॅम्लीचं पहिलं झाड १८०९ साली मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बिया पेरून लावलं. पुढं १८४६ मध्ये ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं घेतलं आणि दहा वर्षांनी सतरा वर्षांचा एक मुलगा कलमं मागायला आला, तेव्हा खाटकानं अट घातली की सफरचंदाला माझं नाव लावायचं. लावलं पोरीनं, नाव घर घेणाऱ्याचं. तेव्हा मी वाचून सोडून दिलं होतं. आता रात्री दोनला जाग येते आणि तेच डोक्यात असतं. आपल्या पेरूची रोपं आईनं लग्न होऊन आल्यावर आळ्यात लावली होती, दोन जळली, एक जगलं. सातबारा, मालमत्ता पत्रक, घरपट्टी, कशावरही ते नाही.

पण त्याच पत्रात तू लिहिलं होतंस की मूळ झाडाला बुरशीनं धरलंय, तरी त्याची कलमं जगभर आहेत. म्हणून मंगळवारी मी पुन्हा गेले. दोन फांद्यांना गुटी बांधली, इंचभर साल गोल काढून, ओलं शेवाळ, वरून प्लॅस्टिक. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, बाई, हे पावसाळ्यात करायचं असतं, आता उशीर झाला. मुळं फुटायला दीड महिना तरी लागेल. आणि दादा भाऊबीजेला कागद घेऊन येणार आहे. दोन आठवडे. म्हणून मी दादाला किल्ली अजून दिलेली नाही. कुलूप उघडत नाही म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं.

सोमवारी आईला मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "दिवाळीनंतर बघू." ती काही बोलली नाही. वाटी चाटूनपुसून संपवली, उठली आणि स्वतः घासून ठेवली. मंगळवारी सकाळी सहाला तिनं चहा टाकला होता, सगळ्यांचा. आणि मला त्या चहाचा घोट उतरेना. चार वर्षांनी ती घरात आल्यासारखी वागतेय, आणि आता मी तिला सांगू की ज्या घरी परत जायच्या आशेवर ती इथं पाहुणीसारखी राहिली ते मी कधीच सावरायला घेतलं नव्हतं? पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली तर? नाही सांगितलं तर माझ्याच हातानं तिचा अंगठा धरावा लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही, एवढं पक्कं.

रविवारी सांगावं असं मनात आहे. दादा यायच्या आधी, फक्त ती आणि मी. हिस्सा तिचा आहे, झाड तिनं लावलंय, नाही म्हणायचं तर तिनं म्हणावं. तुला काय वाटतं ते लिही. तू त्या घरात माझ्यापेक्षा जास्त जेवलीस, तुला बोलायचा हक्क आहे. बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती हे ठाऊक असून मी तुला जे बोलले, ते मनात ठेवून लिहू नकोस. ते चुकलंच माझं, तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझी निवृत्ती मार्चमध्ये ना? लेकीच्या बाळाचे फोटो बघितले, कपाळ थेट तुझं. नव्या गुडघ्यानं चालायला लागलीस हे वाचून बरं वाटलं. तिथं अजून "मी येतो, मी जातो" म्हणतेस का गं? परवा राजारामपुरीत एक कॉलेजची पोर तसंच बोलत होती, वळून बघितलं मी, तूच वाटलीस.

फोन करू नकोस, लिहूनच पाठव. रविवारच्या आत.

तुझी,
मंगल

ता. क. फ्रिजमध्ये सहा पेरू उरलेत. रविवारी पुन्हा करणार आहे. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय की या खेपेला मीठ चिमूटभर घाल आणि पीठ तीच चोळणार.