आर्याच्या सापाला भाजलं, त्याबद्दल

रॅली (नॉर्थ कॅरोलायना), १८ जानेवारी

प्रिय सुहास,

काल फोनवर मागून आर्या रडत होती आणि तू घाईघाईनं फोटो पाठवत होतास, त्यामुळे धड बोलणं झालंच नाही. रात्री सगळे फोटो मोठे करकरून बघितले. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

आधी जिवाला लागलेला घोर थोडा कमी करतो. कॉर्न स्नेकच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, मक्याच्या रंगीत कणसासारख्या. आर्यानं त्याचं नाव ‘मका’ ठेवलं ते किती बरोबर! त्यातल्या पांढऱ्या चौकटी पाच-सहा ठिकाणी तपकिरी पडल्यात आणि एक फोड आलाय. फोड फुटलेला नाही, आतलं मांस दिसत नाही, सूज नाही. भाजणं वरवरचं वाटतंय. पण सापाचं भाजलेलं लगेच खरं रूप दाखवत नाही. दोन-चार दिवसांनी डाग पसरतो, खोल जातो. म्हणून फोटोवरून मी काहीही म्हटलं तरी सोमवारी डॉक्टरांना दाखवच. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला साप कळतोच असं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना आहे, एआरएव्ही. त्यांच्या यादीत शिकागोतली नावं मिळतील.

फोड फोडू नकोस. ती वरची कातडीच सध्या त्याची पट्टी आहे.

पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपलं बीटाडीन, कोमट पाण्यात टाक. रंग पातळ कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे, त्याहून गडद नको. त्यात गॉज भिजवून डागांवर हलक्या हातानं टेकव, पुसू नकोस. हात फिरवायचा तो डोक्याकडून शेपटीकडे, उलट फिरवलास तर खवले उचलले जातात. मग स्वच्छ कागदानं टिपून कोरडं कर. दिवसातून एकदा पुरे. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम डॉक्टर देतील, ते अगदी पातळ लाव. घरातलं दुसरं मलम लावायची वेळ आलीच तर डब्यावरची बारीक अक्षरं वाच. बेन्झोकेनसारखं वेदनाशामक असलेलं मलम सापाला अजिबात चालत नाही. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री ऑइल, काही नको. काकू प्रेमानं हळद लावायला सांगतील. त्यांना नीट समजावून सांग. हळदीचा थर जखमेवर बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि आपल्याला तर रोज तेच बघायचंय.

आता खरं सांगायचं ते. औषध लावणं दिवसाला पाच मिनिटांचं काम आहे. उरलेला सगळा दिवस मका त्याच पेटीत असतो जिथं त्याला भाजलं. ती पेटी दुरुस्त झाली नाही तर मलमाचा काही उपयोग नाही.

तुला प्रश्न पडला होता की चटका बसत असताना तो सरकला का नाही. सापांना उष्णता हवी असते आणि ऊन वरून येतं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. पोटाखालून येणाऱ्या चटक्यापासून दूर व्हायचं त्यांना पटकन सुचत नाही. त्यात बाकीची पेटी गार असेल तर अंग गरम ठेवायला तो पेटीखालच्या तापणाऱ्या मॅटवरच पडून राहतो आणि कातडी भाजत राहते. तुझ्या मॅटला तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट नाही, हे मला काल कळलं. आधीच विचारायला हवं होतं मी.

आणि नुसता थर्मोस्टॅट लावूनही भागत नाही, हे माझ्या सापिणीनं, शेवंतीनं, मला शिकवलं. पाच वर्षांपूर्वी तिनं रात्रीत प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर, ओढत नेऊन पाण्याच्या भांड्यात टाकला होता. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, तो मॅट तापवत राहिला. सकाळी खोलीत शिरलो तर भुशाचा करपल्यासारखा वास येत होता. झाकण उघडलं तेव्हा ती त्याच जागेवर वेटोळं घालून बसली होती, आणि मला तिला उचलायचा धीर होईना. आज ती ठणठणीत आहे, पण दर वेळी कात टाकते तेव्हा कात त्या व्रणापाशी अडकते. उतरलेली कात उजेडात धरली की तिथं रफू केल्यासारखी दाट, वेडीवाकडी वीण दिसते. मी ती दर वेळी बघतो.

म्हणून प्रोब मॅट आणि काचेच्या मध्ये बाहेरून पक्का बसव, सापाच्या आवाक्यात नकोच. आतल्या फरशीचं तापमान रोज इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघ. गरम बाजू २९-३० सेल्सियस, म्हणजे इथल्या फॅरनहाइटच्या मापानं ८५ च्या आसपास, आणि गार बाजू २४-२५. थर्मोस्टॅट हातात येईपर्यंत मॅट बंद ठेव आणि खोलीचा हीटर वाढव. पेटी मात्र गार पडू देऊ नकोस. सापाचं पचन आणि जखम भरणं दोन्ही बाहेरच्या उबेवर चालतं. पुढे वरून दिवा लावलास तर त्याला जाळी हवी. साप दिव्याला विळखा घालतात.

भुसा सगळा काढ आणि पांढरे पेपर टॉवेल अंथर. जखमेतून काही आलं तर डाग लगेच दिसेल. रोज बदल, ओले झाले तर तेव्हाच. ओल्या अंथरुणावर पोटाचे खवले कुजायला लागतात. पाण्याचं भांडंही लहान ठेव, त्यात तो बसून राहायला नको.

चौथ्या फोटोत मला आणखी एक दिसलं. मक्याच्या नाकाचं टोक लाल झालंय. ते भाजणं नव्हे. तो झाकणाच्या जाळीवर नाक घासतोय. एवढ्या मोठ्या काचेच्या पेटीत लपायला जागा एकच, तीही उघडीवाघडी. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक अशा दोन ढोल्या ठेव, अंग टेकेल इतक्या अरुंद. तीन बाजूंनी बाहेरून काळा कागद लाव. काही दिवसांत तो शांत होईल आणि नाकही भरून येईल.

आणि वायर धरायला आत लावलेली ती पारदर्शक चिकटपट्टी आजच्या आज काढ! तुला आठवतं का, तासगावला तुझ्या मामांच्या द्राक्षबागेत जाळीत धामण अडकली होती? आपण आठवीत होतो. जितकी ओढत होती तितका नायलॉन रुतत होता. मामांनी तिच्या डोक्यावर ओलं पोतं टाकलं, अंगाला गोडं तेल लावलं आणि एकेक दोरा कात्रीनं कापला, डोक्याकडून शेपटीकडे. तासभर गेला असेल. तू पोतं धरून होतास आणि तुझे हात थरथरत होते. चिकटपट्टीचंही तसंच. साप तिला चिकटला तर ओढायचं नाही. तेल सोडायचं, वाट बघायची आणि खवल्यांच्या दिशेनं सोडवायचं. मामांनी ती धामण ओढ्याकाठी सोडली होती आणि आपण घरी ठेवू म्हणून मागं लागलो होतो. १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

आठवडाभर त्याला हाताळू नका, फक्त औषधापुरतं. खाणं डॉक्टरांना विचारून, नेहमीपेक्षा लहान उंदीर, गोठवलेला आणि नीट वितळवून कोमट केलेला, चिमट्यानं. जिवंत उंदीर कधीच नको, उलट तोच सापाला चावतो. जखमेनंतर कात लवकर लवकर पडेल, ते चांगलंच. डागावर अडकली तर ओढू नका, एखाद-दोन कातींनंतर सुटते.

सूज आली, वास यायला लागला, दह्यासारखा घट्ट पांढरट पू दिसला, पोट लालभडक झालं किंवा तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तर सोमवारची वाट बघू नकोस. त्याच दिवशी निघ.

प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा आणि त्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. धाकटा तीन वर्षांचा आहे, साल्मोनेला जंतूंचा धोका लहानांना जास्त. त्यानं अजून साप हातात घेऊ नये.

आर्याला म्हणावं, तुझी चूक नाही, ही आम्हा मोठ्यांची चूक. तिला एक काम दे. रोज संध्याकाळी त्याच जागी, त्याच दिव्याखाली, शेजारी मोजपट्टी ठेवून डागाचा फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. डाग वाढतोय की आखडतोय ते तिच्याच फोटोंवरून कळेल.

माझ्याकडचा जास्तीचा थर्मोस्टॅट आज दुपारी पोस्टात टाकतोय. सोबत शेवंतीची एक कात पाठवतोय, व्रणाजवळची. आर्याला उजेडात धरून दाखव.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि