काका, तुमच्या त्या एका पानासाठी

प्रिय काका,

सादर नमस्कार.

या मोसमानंतर तुम्ही कोचिंग थांबवताय हे कळल्यावर निरोपाच्या कार्यक्रमात कितीतरी जण तुमच्या मायेबद्दल आणि संयमाबद्दल बोलले. सगळं खरं होतं. मला मात्र तुमचे आभार मानायचेत ते तुमच्या नियोजनाबद्दल. प्रेक्षकांच्या बाकांवरून ते दिसत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कॅनडातल्या मराठी घरांतले जे आईबाबा पुढे मुलांच्या आइस हॉकी टीमला हातभार लावायला येतील, त्यांच्याही ते नजरेस पडावं.

टोरोंटोजवळच्या आपल्या मिसिसागात रिंकवरचा, म्हणजे बर्फाच्या मैदानावरचा, तास महाग, आणि मिळायलाही अवघड. त्यातली दहाएक मिनिटं झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरवण्यात जातात आणि मुलांच्या हाती ५० उरतात. आपल्या यू-९ च्या, म्हणजे नऊ वर्षांखालच्या, मुलांना बऱ्याचदा रिंकही अर्धीच, कारण पलीकडे दुसरी टीम. अशा वेळी सगळ्यांना एका रांगेत लावून एकेकाला सोडलं, तर प्रत्येक मूल बहुतेक वेळ नुसतं कुडकुडत उभं राहतं. तुमच्या प्रॅक्टिसला रांगेत तीन-चारच्या वर मुलं कधी दिसली नाहीत. चार कोपऱ्यांत चार वेगळी कामं, आठ मिनिटांनी शिट्टी, की पुढचा कोपरा. ड्रिल समजवायचं ते ड्रेसिंग रूममध्ये, फळ्यावर. बर्फावर अर्ध्या मिनिटाहून जास्त बोलायचं नाही, हा तुमचा नियम आम्हा मदतनीस कोचनाही होता.

हे सगळं आदल्या रात्री एका पानावर लिहिलेलं असायचं. खुणेचे प्लास्टिकचे कोन कुठे ठेवायचे, कोणाजवळ किती पक (खेळायच्या रबरी चकत्या) द्यायचे, कुठला कोच कुठे उभा राहील. गोलकीपरचा रकाना तुम्ही सगळ्यांत आधी भरायचात. बहुतेक ठिकाणी त्या पोराला नेटसमोर उभं करतात आणि सगळे मिळून त्याच्यावर शॉट मारतात. तुम्ही त्याला आधी पायांची कामं द्यायचात, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकायची, आणि मग शॉट, तेही मोजके आणि त्याला तयार व्हायला वेळ देऊन.

आणि पानाच्या तळाशी एका मुलाचं किंवा मुलीचं नाव. दर वेळी वेगळं. बहुतेकदा अशा मुलाचं, जे मागे पडत होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. नावापुढे एकच ओळ: ‘डाव्या पायावर थांबता आलं पाहिजे’, किंवा ‘पास मिळाल्यावर मान वर करून बघितलं पाहिजे’. एका शनिवारी तिथे माझ्या लेकीचं नाव होतं. त्या दिवशी तुम्ही तिच्याशी फारसं बोललाही नाहीत. फक्त चारही कोपऱ्यांतली कामं अशी लावलीत की तिला उलटं स्केटिंग करत वळावंच लागेल. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ‘‘आई, आज मला जमलं.’’ ते कसं जमलं हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण तुम्ही ते पान मला दाखवलं होतं. काका, या एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

मोसमाचा आराखडा तुम्ही मार्चपासून मागे सप्टेंबरकडे करत यायचात. मोसम संपताना या वयाच्या मुलांना काय यायला हवं, ते आधी ठरवायचं. मग जानेवारी, मग नाताळच्या आधीचे आठवडे. सप्टेंबर-ऑक्टोबर तुमच्या लेखी मशागतीचे महिने. स्केटच्या कडा, थांबणं, वळणं, पक स्टिकजवळ राखणं. देशाची हॉकी संघटना ‘हॉकी कॅनडा’ खेळाडू घडवण्यासाठी जो पिरॅमिड मांडते, त्याचा पायाही हाच आहे, तंत्र आधी आणि डावपेच वर. पण दोन मॅच हरल्या की आईवडील ‘पोझिशन कधी शिकवणार?’ म्हणून विचारू लागतात, तेव्हा त्या पायाला धरून राहायला हिंमत लागते. २०१९-२० पासून यू-९ लाही अर्ध्या बर्फावरच्या मॅच आल्या, तेव्हाची आईवडिलांची नाराजी तुम्ही सांगितली होतीत. तुम्ही शांतपणे फळ्यावर २०० बाय ८५ फुटांची रिंक काढलीत आणि दाखवलंत, की एवढ्या जागेत सगळ्यांत वेगवान मूल पक घेऊन निघून जातं आणि बाकीची नुसती त्याच्या मागे पळतात. जागा अर्धी केली की पक प्रत्येकाच्या स्टिकला लागतो. वाद तिथेच थांबला म्हणे.

प्रॅक्टिसची शेवटची पाच-सात मिनिटं खेळाची. निळ्या रेषेच्या अलीकडे डोंगर, पलीकडे पाणी! चिनी, पंजाबी, युक्रेनियन घरांतली ती मुलं ‘डोंगर’ असं ठणकावून ओरडायची आणि जागच्या जागी थांबायला, उलटं निघायला शिकायची. एका पायावर घसरत जायची लंगडी तर माझ्या मते कुठल्याही पुस्तकातल्या ड्रिलपेक्षा चांगली. साताऱ्यात शाळेच्या मैदानावर खेळलेला खेळ माझ्या लेकीला बर्फावर खेळताना पाहिला, तो आनंद मी शब्दांत कसा सांगू?

तुमच्या आराखड्यात दिवाळी, ईद, नाताळ, मार्च ब्रेक आधीच रंगवलेले असायचे, म्हणजे कुठल्याही घराला सण की मॅच असा प्रश्न पडू नये. आणि पहिल्याच बैठकीत रोवन्स लॉ, म्हणजे खेळताना डोक्याला मार बसण्याबाबतचा कायदा. ओटावाची १७ वर्षांची रग्बी खेळाडू रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये डोक्याला पाठोपाठ मार बसून गेली, त्यानंतर २०१८ मध्ये आपल्या ओंटारियो प्रांताने हा कायदा केला. आम्ही कागदावर सह्या करत होतो, तुम्ही मात्र प्रत्येकाला समोर बसवून विचारलंत, ‘‘मूल पडलं आणि म्हणालं की मी बरा आहे, तर काय कराल?’’ बाहेर काढायचं, आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही, हे उत्तर प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय तुम्ही पुढे गेला नाहीत.

उन्हाळ्यात हॉकी बंद, पोहा, सायकल चालवा, क्रिकेट खेळा, हेही तुमच्याच आराखड्यात लिहिलेलं असायचं.

तुमच्या वह्या माझ्याकडे सुखरूप आहेत. पुढच्या मोसमाची टीम मी घेतेय. मार्चपासून मागे येत आराखडा केलाय, पण नोव्हेंबरमध्ये पासिंग जरा लवकर आणलंय असं वाटतं. येत्या रविवारी जेवायला या, काकूंनाही घेऊन या, आणि लाल पेन आणायला विसरू नका.

तुमची,
लेकीची आई आणि तुमची मदतनीस कोच