समुद्रगांडुळाला त्याच्या नावाने छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती : 'हाडे खाणारा झाँबी कीटक'. खोल समुद्राची बातमी आपण छापलीत याचा आनंद झाला, पण वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. हा प्राणी कीटक नाही आणि त्याचं नाव बातमीत कुठेच नव्हतं.

त्याचं नाव ओसेडॅक्स. 2002 साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे 2,900 मीटर खोलीवर, मेलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावर तो सापडला. 2004 मध्ये त्याचं रीतसर नामकरण झालं. ओसेडॅक्स म्हणजे लॅटिनमध्ये हाडं फस्त करणारा. पहिल्या दोन जातींपैकी एकीचं पूर्ण नाव ओसेडॅक्स रुबिप्लुमस, म्हणजे लाल पिसाऱ्याची. तिला तोंड नाही, आतडं नाही. ती हाडात मुळं घुसवते आणि मुळांतले जीवाणू तिला पोसतात. नर इवलेसे, मादीच्या नळीतच राहणारे. त्यांच्या मागच्या टोकाला आकड्यांसारखे राठ केस असतात. असे राठ केस ही गांडुळाच्या गोत्राची खूण, आणि हा प्राणी आपल्या गांडुळाचा भाऊबंद आहे.

मी देवगडला एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पुस्तकात 'वलयी प्राणी : गांडूळ, जळू, नेरीस' अशी ओळ असायची. नेरीस म्हणजे चिखलात राहणारं समुद्रातलं गांडूळ. पुस्तकाआधी ती मला खाडीत भेटली होती. ओहोटी लागली की बाबा खुरपं घेऊन चिखल उकरत आणि मुडदुशांच्या गरीला लावायला हे प्राणी करवंटीत जमवत. मी आठ वर्षांची असताना एकाने घसा बाहेर काढून माझ्या बोटाला चिमटा घेतला. बाबांना विचारलं, ह्याचं नाव काय? ते म्हणाले, "ह्याका नाव कित्याक व्हया? मासो खाता मा, झाला." गरीपुरतं ते खरंच होतं. पुढे भिंगाखाली पाहिलं तेव्हा प्रत्येक वलयाला वल्ह्यांसारख्या अवयवांची जोडी आणि तिच्यात केसांचे झुबके दिसले. या केसांचा आकार, डोळे, जबडे बघूनच जात ठरवतात. या प्राण्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव पॉलिकीटा, त्याचा अर्थच पुष्कळ राठ केस असलेला. अशा दहा हजारांहून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत.

अडचण आपल्या भाषेतही आहे, हे मला कळतं. किडा म्हटलं की सहा पायांचा कीटक डोळ्यांपुढे येतो, अळी म्हटलं की पुढे तिचं फुलपाखरू होणार, कृमी म्हटलं की पोटातले जंत. म्हणून मी वर्गात 'समुद्रगांडूळ' म्हणायचे. मुलांना ते लगेच कळे आणि नातंही बरोबर सांगितलं जाई. पण बोलीतल्या नावावर भागत नाही. आमच्याकडे सरंगा म्हणजे हलवा, मुंबईच्या बाजारात सरंगा मागितला तर पापलेट मिळतं. आणि हलवा पापलेटच्या कुळातला नाहीच.

नाव आणि गोत्र ठरायला किती काळ लागतो, याचं एक उदाहरण मी दर वर्षी सांगायचे. इंडोनेशियाच्या समुद्रातून सिबोगा नावाच्या डच जहाजाने दोऱ्यासारखे प्राणी आणले. 1914 मध्ये त्यांना जहाजावरून सिबोग्लिनम हे नाव मिळालं. अंगावर वलयं नाहीत, मग हे कोण? पुढे त्यांना 'दाढीवाले' अशा अर्थाच्या पोगोनोफोरा या स्वतंत्र संघात, म्हणजे प्राण्यांच्या वेगळ्याच मोठ्या गटात, बसवलं. 1964 मध्ये उलगडा झाला की वर ओढताना प्राण्याचं शेवटचं टोक तुटून चिखलातच राहत होतं. वलयं आणि राठ केस त्या टोकावर होते, म्हणजे हेही गांडुळाचेच भाऊबंद. पन्नास वर्षं तज्ज्ञ तुटका प्राणी तपासत होते! त्यानंतरही 1977 मध्ये गालापागोस बेटांजवळ समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी सापडलेल्या, नळीत राहणाऱ्या रिफ्टिया या प्राण्यासाठी वेगळा संघ मांडला गेला. शेवटी डीएनएने या सगळ्यांना एका कुळात आणलं, त्यात ओसेडॅक्सही आहे. जुनं नाव आधी, या नियमाने त्या कुळाचं नाव 1914 चंच राहिलं : सिबोग्लिनिडी.

आपल्याशी याचा संबंध जवळचा आहे. मध्य हिंदी महासागरात भारताकडे 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र धातूंच्या गाठींच्या शोधासाठी राखलेलं आहे, तळ सुमारे पाच किलोमीटर खोल. तिथल्या गाळातही समुद्रगांडुळं आहेत. उद्या गाठी उपसायला यंत्रं उतरली तर आधी तिथे कोण राहतं त्याची नावानिशी नोंद हवी, आणि त्यासाठी भिंगाखाली केस मोजत बसणारी माणसं हवीत. माझ्या एका विद्यार्थिनीला यात पुढे शिकायचं होतं. 'यात नोकरी कुठे आहे?' असं तिला एका संस्थेत ऐकवलं गेलं. ती आता बँकेत आहे. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नाव लॅटिनच हवं असं बंधन नाही. लिपी रोमन हवी, शब्द कुठल्याही भाषेतला चालतो. आपल्या समुद्रातल्या एखाद्या प्राण्याला पुळण किंवा खाडी या शब्दावरून नाव मिळालं तर मला फार आवडेल. तोवर एवढं करा : अशी बातमी आली की प्राण्याचं दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देवनागरीत पूर्ण छापा आणि त्याला कीटक म्हणू नका. नेहमी लागणारी बारा नावं देवनागरीत कशी लिहायची ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, देवगड