पानांच्या अर्काने रंग गेला, पण पाणी साफ झालं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्षातून दोन-तीनदा तरी पेपरात ती बातमी येतेच, अमुक कॉलेजात कडुलिंबाच्या नाहीतर तुळशीच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण बनवले आणि रंगाचं पाणी काही मिनिटांत स्वच्छ केलं. मग व्हॉट्सॲपवर चार जण मला ती पाठवतात, कारण मी इचलकरंजीत एका प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये आहे आणि एमएस्सीला माझा प्रोजेक्टही हाच होता.

प्रयोग भारी आहे, खोटं कशाला बोलू. पानं उकळायची, गाळायची, तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात टाकायचा, अर्कातली पॉलिफिनॉल (वनस्पतींतली नैसर्गिक रसायनं) चांदीच्या आयनला इलेक्ट्रॉन देतात आणि फिकट पाणी बघता बघता तपकिरी होतं. झाले कण तयार. मग मिथिलीन ब्लू ह्या निळ्या रंगाच्या पाण्यात हे कण आणि थोडं सोडियम बोरोहायड्राइड, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं रसायन, टाकलं की 664 नॅनोमीटरचा पीक, म्हणजे ग्राफवर ह्या रंगाची जी उंच खूण दिसते ती, खाली बसतो, निळा रंग गायब! आम्ही उड्याच मारल्या. फ्लास्क तसाच टेबलावर ठेवून घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी येऊन हलवून बघतो तर पाणी परत निळं. रंग तुटलाच नव्हता, त्याचं नुसतं बिनरंगी ल्युको रूप झालेलं, हवेतला ऑक्सिजन मिळाला की आला परत. गाईड म्हणाले, ग्राफ पहिल्या दिवसाचाच लाव.

अझो रंगांचं, म्हणजे ज्यांच्या रेणूत नायट्रोजनची जोडी असते त्यांचं, तर आणखी वेगळं. तिथे ती जोडी तुटते, रंग परत येत नाही, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यातले काही कॅन्सर करणारे. ह्याच कारणाने जर्मनीत 1994 ला आणि आपल्याकडे 1997 ला कित्येक अझो रंगांवर बंदी आली. म्हणजे पाणी दिसायला नितळ आणि आत हे. शिवाय कण पानांपासून केले म्हणून ग्रीन म्हणायचं, पण रंगाला इलेक्ट्रॉन देतं ते बोरोहायड्राइड, चांदी फक्त वेग वाढवते, आणि ते बोरोहायड्राइड महागही आहे आणि विषारीही, ते बातमीत कुठेच नसतं.

बरं, लॅबमधलं रंगाचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर रंग. आमच्याकडे रिॲक्टिव्ह डाईंगला (ह्यात रंग सुती धाग्याशी रासायनिक जोडला जातो) लिटरमागे 50 ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं, वर सोडा ॲश, कापडावरून सुटलेली सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली, खळ. मिठाच्या पाण्यात चांदीचे कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात, काहींचं सिल्व्हर क्लोराइड होतं. आणि उरलेली चांदी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटच्या) एरेशन टँकमध्ये, जिथे हवा सोडून बॅक्टेरियाकडून घाण खाववतात, गेली तर तिथले बॅक्टेरियाच मारेल, जे बिचारे आत्ता फुकटात काम करतायत.

सगळंच फालतू आहे असं नाही म्हणत मी. चहाच्या अर्कापासून लोखंडाचे कण करून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर फेंटन रिॲक्शन होते, 1894 पासून माहीत असलेली, त्यातले हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे फार जहाल कण, रंगाच्या रेणूतली कार्बनची रिंगसुद्धा फोडतात. उन्हात झिंक ऑक्साइडही तेच करतं. फक्त फेंटनला पाणी आम्लधर्मी लागतं, पीएच 3 च्या आसपास, आमचं असतं 10 च्या पुढे, म्हणजे आधी ॲसिड, मग परत चुना, मग त्या गाळाचं काय करायचं ते बघा. पण ह्यावर काम केलं तर उपयोग आहे, लोखंड स्वस्त तरी आहे.

काळ्या ओढ्यातून पंचगंगेत काय जातं ते आम्ही रोज बघतो, म्हणून एवढं लिहिलं. पुढच्या वेळी बातमी छापताना तुमच्या बातमीदाराने एवढंच विचारावं, सीओडी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीचं माप) किती कमी झाला आणि पाणी कुठलं घेतलं होतं. कॉलेजवाल्यांना खरं पाणी हवं असेल तर कॅन घेऊन यावं, मालकाला मी विचारतो.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी