दुकान सावरणाऱ्यांचे आभार

जुलै 2021 च्या पुरात गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीतली घरं, शेतं बुडाली, त्यात आमचं अवजारांचं दुकानही आलं. आजोबांनी नांगराचे फाळ विकत सुरू केलेलं, बाबांनी पॉवर टिलरपर्यंत आणलेलं.

वाड्यावरची पोरं न बोलावता धावली. टिलर ढकलत चढावर नेले. पाणी ओसरल्यावर मी इंजिन सुरू करून बघणार, तर एकाने हात धरला. आधी गढूळ झालेलं ऑइल काढलं, एअर फिल्टर उघडला. म्हणून इंजिनं वाचली.

आणि आजोबांची उधारीची वही! एका मावशींनी पानापानांत वर्तमानपत्र घालून ती चुलीजवळ सुकवली. (उधारी वसूल होईल ही आशा मात्र सोडलीय.)

मावशी, पोरांनो, देव बरें करूं! तुमचा पंप, टिलर बिघडला तर थेट आणा. मजुरीचं नावही काढू नका.