डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
१४ सप्टेंबर

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला गाडीतला पिवळा दिवा दिसला आणि मी "काही नाही गं" म्हणत फोन फिरवला. ते मला लागून राहिलं. दिवा मार्चपासून लागतोय, मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांनी दहा प्रश्न विचारले असते आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. आता निम्म्यांची आहेत, म्हणून लिहिते.

आई, आधी तुझ्यासाठी. तेलाच्या कॅनचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये, तेव्हाही थांबायचं. माझा दिवा नुसता लागून राहतो, लुकलुकत नाही. रात्रपाळीहून येताना मी रोज तेवढं बघते. तू काळजी करू नकोस.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथे १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत स्टीअरिंगखाली एक सॉकेट असतं. स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला यंत्र लावून बिघाडाचा कोड फुकट वाचून देतात. माझा निघाला पी ०४५६. म्हणजे टाकीतल्या पेट्रोलची वाफ कुठून तरी निसटतेय, अगदी थोडी. ही वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ती कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि नंतर एका व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढून जाळतात. ही सगळी वाट हवाबंद आहे का, हे गाडी स्वतःच तपासते. अर्ध्या मिलिमीटरचं भोक असलं तरी तिला कळतं. कुठे आहे ते मात्र ती सांगत नाही. कोड पाहून लोक पार्ट बदलत सुटतात, मीही तेच केलं.

आधी टाकीचं झाकण बदललं. इथे १९४९ च्या कायद्याने आपलं पेट्रोल आपण भरायचं नाही, आपल्याकडच्यासारखा पंपावरचा माणूस भरतो. त्याने झाकण सैल ठेवलं असेल असं वाटलं, म्हणून मी दर वेळी उतरून पुन्हा आवळायला लागले. दिवा नऊ दिवसांनी परत. मग तो व्हॉल्व्ह बदलला. तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा दिवा. गॅरेजवाल्याने नळ्यांमध्ये धूर सोडून पाहिला, दोनदा. कुठूनही बाहेर आला नाही. माणूस प्रामाणिक आहे, दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत. "मला सापडत नाही," असं सरळ म्हणाला.

तुमच्या दापोडीच्या वर्कशॉपमधल्यासारखी मी वही केली आहे. तारीख, मैल, टाकीत पेट्रोल किती, सकाळचं तापमान, दिवा लागला की गेला. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असली तर गाडी ही तपासणी करतच नाही, आणि लागोपाठ तीन वेळा ती पास झाली तर दिवा आपोआप जातो. म्हणून तो येतो-जातो, हे वहीमुळेच कळलं. सगळा मार्च-एप्रिल मला वाटत होतं की गाडीला काही ताळतंत्रच नाही. थंड सकाळी दिवा जास्त वेळा लागलाय. कुठलं तरी रबर थंडीत आकसत असेल, हा माझा अंदाज.

ऑक्टोबरात गाडी पासिंगला न्यायची आहे. इथे दर दोन वर्षांनी धुराची तपासणी असते, सरकारी केंद्रात फुकट. दिवा लागलेला असला की गाडी फेल. गॅरेजवाला म्हणतो, कोड पुसून थोडी चालव, २००१ पासूनच्या गाडीची स्वतःची एक तपासणी अपुरी राहिली तरी चालते, त्यात ही वाफेचीच बसवून टाकू. नियमात बसतं. पण वाफ निसटतेय हे मला माहीत आहे आणि ती ज्या हवेत जाते तिथेच चिनू सायकल चालवतो. भोक सापडावं असं मला फार वाटतं. नाहीच सापडलं तर पुढे काय करायचं, ते तुम्ही सांगा.

एसटीच्या एअर ब्रेकच्या पाइपवर तुम्ही ब्रशने साबणाचं पाणी लावायचात आणि मी बुडबुडा शोधत खाली वाकायचे, ते कालपासून डोक्यात आहे. धुराला जे दिसलं नाही ते फेसाला दिसेल का? गॅरेजवाला नळ्यांत हलकी हवा भरून द्यायला तयार आहे. शनिवारी सकाळी, गार असताना, जाणार आहे.

बाबा, पाणी किती दाट करायचं? तुम्ही कपड्यांचा साबण किसून घालायचात ना, की दुसरा काही? शुक्रवारी तुमच्या रात्री फोन करते.

तुमची,
मनू